रेघ एकदाच

प्रिय दादा,

सगळं ठीक आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं तू नीट वाचशील. गेला आठवडाभर माझा संध्याकाळचा फोन आला नाही. तू केलास तर मी उचलला नाही, ‘मजेत आहे, पत्र लिहितेय’ एवढाच निरोप पाठवला. त्याने तू जास्तच घाबरला असशील, कारण आपल्या घरात पत्र यायचं ते कुणाचं तरी कुणाशी बिनसलं म्हणजे. तसलं काही नाही. मी आजारी नाही, रुसलेली नाही, काचवाल्याशी भांडलेले नाही. लग्नाची तारीख आहे तीच आहे. फोन मी मुद्दाम केला नाही. का, ते सांगायलाच बसले आहे. पण मुद्द्यावर यायच्या आधी मी सगळ्या गल्ल्या फिरून येते हे तुला माहीत आहे, तेव्हा पाय पसरून बस.

मागच्या आठवड्यात वहिनी दुकानात आली होती. तुला बोलली नसेल, कारण तिला तुला चकित करायचं होतं. आता मी फोडलंच आहे तर सगळंच सांगते. तिने तुझा शाळेतला नकाशा आणला होता, आपल्या घरामागच्या ओढ्याचा. पेन्सिलीने काढलेला, पाणी गुडघ्याला लागतं तिथे एक निळी रेघ, कमरेला लागतं तिथे दोन. खुणा केलेली काठी घेऊन तू पाण्यात उभा राहायचास आणि मी काठावरून विचारायचे, काठी सरळ आहे ना. पुढे तू नद्यांचं पाणी मोजायचीच नोकरी धरलीस आणि मी काठावरून विचारायचं काही सोडलं नाही. वहिनीला नकाशा फ्रेम करून हवा होता. स्टुलावर बसून तिने चहा घेतला, आमच्या मालकांशी थट्टा केली, आणि जाता जाता एक गोष्ट बोलून गेली. ती शेवटी सांगते.

मागच्या दाराची कडी आठवते? आपण दोघं अंथरुणात, मी भिंतीकडे तोंड करून विचारायचे, “दादा, कडी?” तू म्हणायचास, “हो.” थोड्या वेळाने परत “कडी?” आणि परत “हो.” आई वैतागायची, बाबा आधी हसायचे आणि मग ओरडायचे. ‘फौजदार’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तू मात्र कधी चिडला नाहीस. झोपेतसुद्धा हो म्हणायचास. एकदा तापाने फणफणला होतास तेव्हा मध्येच “हो, हो” असं बडबडलास, आणि त्या दिवशी मी काही विचारलंच नव्हतं. मग तू शिकायला बाहेर गेलास, तर मी फोनवर विचारू लागले. तुझं लग्न झालं, तर दुसऱ्याच दिवशी मी फोन करून गॅसचं विचारलं, आणि माझ्या गॅसपासून एवढ्या लांब बसून तू म्हणालास, बंद आहे. तू काय बघितलं होतंस? काहीही नाही. पण तुझा ‘हो’ ऐकला की माझ्या पोटातला गोळा विरघळायचा. थोडा वेळच, मग पुन्हा जमायचा. वहिनीही बिचारी हो म्हणायला शिकली. ती तर अजून प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणते.

लोकांना वाटतं हा टापटिपीचा आजार आहे. शेजारच्या काकू मला सांगतात, आमच्या सुनेला जरा तुझ्यासारखी सवय हवी होती. माझं कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात हे त्यांना कोण सांगणार! माझं दुखणं ‘पण’चं आहे. कुलूप लावलं, पण. गॅस बंद केला, पण. डोळ्यांनी बघितलेलं असतं, हाताने चाचपलेलं असतं, तरी आतून कुणीतरी ‘पण’ म्हणतं आणि पाय मागे वळतात. अशा बाईने कुठे नोकरी करू नये म्हणशील, तर फ्रेमच्या दुकानात. चित्र ठेवायचं, भोवती पुठ्ठ्याची चौकट, वर काच, मागून फळी, आणि कडेने कागदी पट्टी चिकटवून टाकायची. चिकटवली की मला वाटायचं, काचेखाली केस राहिला. मी पट्टी फाडून उघडायचे, पुसायचे, परत चिकटवायचे, परत उघडायचे. मालक म्हणायचे, ही फ्रेमा बसवते की सोडवते तेच मला कळत नाही.

आता काचवाल्याविषयी. तू त्याला एकदाच भेटलास, आणि नंतर वहिनीला म्हणालास की माणूस चांगला आहे, पण ठाम नाही. वहिनीच्या पोटात काही राहत नाही, हे तू इतक्या वर्षांत शिकायला हवं होतंस. तुझ्यावर रागावले नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत, मोठ्या टेबलाशी तो काचा कापतो. कानावर पेन्सिल, टेबलावर जुनी सतरंजी, आणि कुणीही काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, असेल. फ्रेम उद्या तयार आहे का? असेल. आज बुधवार ना? असेल. मालक डोक्याला हात लावायचे, याला एकदा तरी ‘आहे’ म्हणता येत नाही का म्हणून. मी नवीन होते तेव्हा दुकान बंद करून आम्ही दोघं बाहेर पडलो आणि सवयीने मी विचारलं, शटर नीट बसलं ना? तो म्हणाला, “बसलं असेल,” आणि बसथांब्याकडे चालू लागला. इतका राग आला मला! असेल म्हणजे काय? मी परत गेले, शटर ओढून पाहिलं, परत एकदा ओढून पाहिलं, आणि माझी बस गेली. तो त्याच्या बसमध्ये खिडकीशी निवांत बसलेला मला दिसला.

एकदा काचा जास्त होत्या आणि मालकांनी मला त्याच्या हाताखाली दिलं. काच कशी कापतात ते मला तेव्हा कळलं. काच मुळात कापतच नाहीत. टोकाला हिऱ्याचा कण बसवलेल्या हिरकणीने वरच्या वर एक बारीक रेघ ओढायची, आणि मग टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचं, की ती रेघेवर तुटते. मी रेघ ओढली. रेघ तर धड दिसतही नव्हती. मी हिरकणी परत त्याच रेघेवरून फिरवली आणि दाबलं, तर काच भलतीकडेच फुटत गेली. तो ओरडला नाही. नवीन तुकडा पुढे सरकवत म्हणाला, “रेघ एकदाच. दुसऱ्यांदा फिरवली की काच बिथरते.” मी विचारलं, आणि पहिली बसली नसेल तर? तो म्हणाला, “बसली असेल. नसली तर तुकडा गेला, दुसरा आहे.” दादा, हातातला तुकडा वाया जाऊ शकतो आणि तरी दुपारचा चहा वेळेवर होतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी रेघ ओढली, हात बांधून उभी राहिले, मग दाबलं. काच कट्कन सरळ तुटली. घरी जाऊन मात्र मी कुलूप नेहमीसारखंच ओढत बसले. एका काचेने माणूस सुधारला असता तर काय हवं होतं.

त्यानंतर मी कारण नसताना मागच्या खोलीत जाऊ लागले. काहीतरी विचारायचे, तो असेल म्हणायचा, मी चिडायचे, तो हसायचा. एका सोमवारी मान खाली घालून काच पुसता पुसता तो म्हणाला, “रविवारी कोणी काही विचारत नाही. करमत नाही.” एवढंच. यापेक्षा गोड काही मला कुणी म्हटलेलं नाही, आणि पुढे तोही म्हणालेला नाही. मी त्या दिवशी कानापर्यंत लाल झाले आणि एका आजोबांचा फोटो उलटा बसवला.

मग त्याला सांगणं आलं. मला वाटलं, ऐकेल आणि हळूच बाजूला होईल. मी त्याला सगळं सांगितलं, कडी, गॅस, तुझा संध्याकाळचा ‘हो’ सुद्धा. त्याने सगळं ऐकून विचारलं की मग त्याने काय करायचं. मी म्हटलं, काही नाही, मी विचारलं की ‘आहे’ म्हण. आणि दादा, ज्याला मालक इतकी वर्षं ‘आहे’ म्हणायला लावू शकले नाहीत, तो माझ्यासाठी म्हणू लागला. कुलूप लागलं आहे. गॅस बंद आहे. सकाळी तो मला न्यायला यायचा, आणि मी बसथांब्यावर उभी राहिले की माझ्या घरी परत जाऊन बघून यायचा. मला स्वर्ग दोन बोटं उरला. पण तुला ठाऊक आहे ना, पोटातला गोळा थोडा वेळच विरघळतो. मला रोज थोडे जास्त ‘आहे’ लागू लागले. त्याची बस चुकू लागली, जेवण गार होऊ लागलं. मी विचारायच्या आधीच तो बघून येऊ लागला आणि मग स्वतःच्याच बघण्याची त्याला खात्री वाटेनाशी झाली. एके दिवशी एका दुकानाच्या दर्शनी खिडकीची भलीमोठी काच टेबलावर होती. त्याने रेघ ओढली, थांबला, आणि परत तिच्यावरून हिरकणी फिरवली. मी दारात उभी होते. काच मधोमध वाकडी फुटली. लागलं कुणाला नाही. मालक काही बोलायला आले होते, ते त्याचा चेहरा बघून तसेच परत गेले. तो त्या तुकड्यांकडे बघत उभा होता आणि मला माझी इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती. म्हणजे माझ्या आजाराची. तेव्हा मी आणि आजार यांच्यातला फरक मला कळत नव्हता.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणून तू माझ्या मागे लागला होतास, त्यांच्याकडे मी गेले ती त्या काचेमुळे. हसू नको, पण त्यांच्या खोलीतलं चित्र वाकडं टांगलेलं आहे. पहिल्या भेटीत मला वाटलं ही परीक्षा असणार. शेवटी न राहवून विचारलं, तर त्या वळून बघून म्हणाल्या, अहो खरंच की, माझं लक्षच नव्हतं. ते अजून तसंच आहे, आणि मी फ्रेमवाली असून त्याला हात लावलेला नाही, याची नोंद घे. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या मी घेते. आणि दुसऱ्या खेपेला काचवाल्याला सोबत बोलावलं. त्याला म्हणाल्या, तुम्ही प्रेमाने तिला खात्री देता, पण ती तिच्या शंकेच्या पोटात जाते, आणि शंका धष्टपुष्ट होते. यापुढे तिने विचारलं तर सरळ सांगायचं की नक्की माहीत नाही. मला हसू आवरेना. मी म्हटलं, बाई, याला एक शब्द आधीपासून येत होता, तो मीच विसरायला लावला.

पण परत आणणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या घराला कुलूप लावून आम्ही निघालो. थांब्यावर मी विचारलं, गॅस? तो रस्त्याच्या पलीकडे बघत म्हणाला, “असेल बंद.” पूर्वी जो शब्द तो सहज फेकायचा, तो आता त्याला ओढून काढावा लागत होता, कारण आता त्याचा जीव माझ्यात अडकला होता. मी बसमध्ये चढले. दुकान येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे घर जळत होतं, शेजारच्या काकूंसकट. संध्याकाळी घर जागेवर होतं, काकूही होत्या. पण बाई म्हणाल्या, घर जळलं नाही हे सोडून द्या, तुम्ही बसमध्ये बसून राहिलात हे खरं. मी त्यावर घरी जाऊन खूप रडले आणि मग पोटभर जेवले. असे पुष्कळ दिवस गेले, काही धड, काही अगदीच वाईट. त्यातल्या वाईट दिवशी मी तुला फोन करायचे आणि तू हो म्हणायचास. बाईंना मी ते सांगत नव्हते. तुझा ‘हो’ म्हणजे माझा चोरून खाल्लेला लाडका खाऊ होता.

शंकाही कमी चतुर नाही. कुलुपापाशी डाळ शिजेना म्हणून ती दुसऱ्याच दाराने आली. याच्यावर आपलं खरंच प्रेम आहे का? तो शेजारी बसला की मी आत डोकावून बघायचे, आहे का, आता आहे का, मघाशी होतं तेवढंच आहे का. सारखं बघत राहिलं तर काय दिसणार? चहात साखर विरघळली का ते चमचा काढून बघत बसण्यासारखंच ते. शेवटी एका दुपारी मी त्यालाच विचारलं, माझं तुझ्यावर प्रेम आहे ना? त्याने हिरकणी खाली ठेवली, बराच विचार केला, आणि म्हणाला, “असेल.” आणि दादा, आम्ही दोघं इतके हसलो की मालक चष्मा सावरत मागे आले. हसता हसताच मला वाटलं, याच माणसाबरोबर राहायचं. खात्री पटल्यावर लग्न करायचं ठरवलं असतं, तर मी म्हातारी होऊन त्याच प्रश्नाशी बसले असते. मीच त्याला विचारलं, लग्न करायचं का. यावर मात्र तो असेल म्हणाला नाही, “करू” म्हणाला. तू म्हणतोस ना, ठाम नाही?

मी बरी झाले का, हे तुला विचारायचं असेल. ‘पण’ अजून रोज येतं. सकाळी दार ओढलं की येतं, आणि मी त्याला म्हणते, चल, बसमध्ये बस माझ्याबरोबर. पूर्वी मला वाटायचं, हे गेलं की मी माणसात येईन आणि मग कुणीतरी मला आपलं म्हणेल. तर ते गेलंच नाही, आणि काचवाल्याने मला त्याच्यासकट आपलं म्हटलं. मग मीच का मागे राहू? आता बाबांनी ठेवलेलं नावही मला आवडतं. मालकांनी परवा गिऱ्हाइकासमोर मला फौजदार अशी हाक मारली, मी “ओ” दिली. लग्नात मी सही करेन तेव्हा ती एकदाच करेन. कशी का येईना.

आता वहिनीची गोष्ट. नदी जिथून निघते, तिथल्या डोंगरातलं पाणी मोजायचं केंद्र तुला देऊ केलं होतं, आणि तू दुसऱ्यांदा नाही म्हणालास. साहेबांना गुडघ्यांचं कारण दिलंस. तुझे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, आणि वहिनी तर बांधाबांध करायला एका पायावर तयार आहे. ती काही तक्रार करत नव्हती, सहज म्हणाली, तिथे फोन लागत नाही ना, आणि चपला घालू लागली. मग मला सगळं कळलं. ओढ्यात काठी घेऊन उभा राहणारा माझा भाऊ, वरच्या पाण्याची एवढी ओढ असलेला, कुणीतरी संध्याकाळी विचारेल म्हणून खाली थांबून राहिला आहे. म्हणून आठवडाभर मी फोन केला नाही. बघत होते, जमतं का. पहिले दिवस फार जड गेले, आता एवढे नाहीत. तू मला दिलेले सगळे ‘हो’ माझ्याजवळ आहेत. एकही वाया गेलेला नाही, त्यांच्यावरच मी इथवर आले. पण आता मला आणखी नको आहेत. लग्नाला ये, पोटभर जेव, आणि साहेबांना सांग की गुडघे बरे झाले. नकाशा मी वहिनीबरोबर पाठवते आहे, तो तिथल्या भिंतीवर लाव. पट्टी चिकटवल्यावर मला दिसलं, काचेखाली ओढ्याच्या वरच्या टोकाला एक धुळीचा कण राहिला आहे. मी तो राहू दिला. हे पत्रही मी परत वाचलेलं नाही. पेटीत टाकल्यावर नीट पडलं का म्हणून फटीतून डोकावणार नाही. मिळालं का, असं विचारायला फोनही करणार नाही. मिळालं असेल.

तुझीच,
फौजदार